अभ्यासालाही वाफसा लागतो

पहाटे चाकूरच्या बसस्थानकावर लातूरकडे जाणाऱ्या एसटीची वाट पाहणाऱ्या गर्दीत पाठीवर सॅक अडकवलेली मुले-मुली हटकून दिसतात. लातूर इथून पस्तीस-चाळीस किलोमीटर. काहीजण रोज अप-डाऊन करतात, बरेचजण लातुरातच खोली घेऊन, मेस लावून राहतात. दहावीचा निकाल लागला की तालुक्यातल्या अनेक घरांत एकच हिशेब सुरू होतो. क्लासची फी किती, खोलीचे भाडे किती, मेसचे किती आणि यंदा सोयाबीनला भाव काय मिळेल? घरातली शिल्लक, आई-वडिलांची आशा आणि सोळा-सतरा वर्षांच्या लेकराची दोन वर्षे एका परीक्षेवर लावली जातात. मग घरातला प्रत्येकजण फोनवर एकच प्रश्न विचारतो, "आज किती तास अभ्यास झाला?"

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न अपुरा आहे. तास मोजायला सोपे असतात, म्हणून आपण तास मोजतो. पण पुस्तकासमोर बसलेला वेळ आणि डोक्यात उतरलेला अभ्यास यांचे प्रमाण रोज सारखे नसते. ताज्या डोक्याने केलेला एक तास आणि जांभया देत काढलेले तीन तास वहीत सारखेच दिसतात, परीक्षेत मात्र दिसत नाहीत.

शेतकऱ्याच्या घरात हे समजायला अवघड जाऊ नये. काळ्या जमिनीत पेरणी तारखेवर ठरत नाही, वाफशावर ठरते. चिखलात पाभर चालत नाही आणि कोरड्यात बी उगवत नाही. वाफसा नसताना घाई केली की दुबार पेरणीची पाळी येते. बियाण्याचा खर्च पुन्हा, मजुरी पुन्हा, शिवाय हंगाम मागे पडतो तो वेगळाच. मेंदूचेही तसेच आहे. पुरेशी झोप, पोटभर पण साधे जेवण, थोडी हालचाल आणि मनाला निवांतपणा मिळाला की मेंदू नवे काही रुजवून घ्यायला तयार होतो. तो तयार नसताना वाचलेले पान दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावे लागते. ही दुबार पेरणीच झाली.

चोवीस तासांचा ताळेबंद

"टॉपर रोज चौदा तास अभ्यास करतात" हे वाक्य क्लासच्या आवारात वारंवार कानावर येते. कागद-पेन्सिल घेऊन त्याचा हिशेब मांडून पाहावा. अभ्यास आणि क्लास मिळून १४ तास. चाकूरहून अप-डाऊन करणाऱ्याचे प्रवासात साधारण २ तास. अंघोळ, तिन्ही वेळचे खाणे, कपडे वगैरेला अडीच तास. झाले साडेअठरा तास. उरले साडेपाच. त्यात झोप, खेळ, घरच्यांशी बोलणे आणि आजारपण हे सगळे बसवायचे. म्हणजे यातले काहीतरी कापले जाणार हे उघड आहे. पहिली कुऱ्हाड पडते ती झोपेवर, कारण झोपेची तक्रार करायला कोणी येत नाही.

आता हिशेब उलट बाजूने मांडावा. झोपेला ८ तास, अंघोळ-जेवणाला अडीच, प्रवासाला २, खेळाला किंवा व्यायामाला १ आणि निवांत गप्पांना १ तास बाजूला ठेवले, तर साडेनऊ तास हातात राहतात. त्यातले ५ तास क्लासला गेले तरी साडेचार तास स्वतःच्या अभ्यासाला उरतात. खोली घेऊन राहणाऱ्याला प्रवासाचे दोन तास आणखी मिळतात. नीट वापरले तर हे तास कमी नाहीत.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये खासगी शिकवण्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत शिकवणी दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त नसावी, आठवड्याची सुट्टी असावी आणि सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी चाचणी ठेवू नये, असे म्हटले आहे. प्रवेश घेताना फीबरोबर हेही विचारायचा पालकांना हक्क आहे. बरेच पालक विचारत नाहीत, कारण जास्त तास म्हणजे जास्त मोल, असे त्यांना वाटते.

झोपेत मेंदू काय करतो

झोप म्हणजे मेंदू बंद, हा समज चुकीचा आहे. दिवसभरात शिकलेली माहिती आधी मेंदूच्या आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या मदतीने तात्पुरती साठवली जाते. आपण झोपतो तेव्हा त्या दिवशीच्या नोंदी पुन्हा चाळल्या जातात आणि त्यांतल्या कामाच्या गोष्टी मेंदूच्या बाहेरच्या थरात पक्क्या होऊ लागतात. बाजारातून आणलेला माल दारात पडलेला असतो, तो रात्री फडताळात लागतो, असे समजावे. दारातच माल पडून राहिला तर दुसऱ्या दिवशीचा माल ठेवायला जागा राहत नाही.

रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते, पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढते. शिकलेले पक्के करण्याच्या कामात दोन्हींचा हात असतो. म्हणून "दोन वाजता झोपून सहाला उठलो, झाली की झोप" हा हिशेब शरीराला मान्य होत नाही. १३ ते १८ वर्षे वयात रोज ८ ते १० तास आणि प्रौढ वयात किमान ७ तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने सुचवले आहे.

"मला सहा तास पुरतात" असे सांगणारे खूप भेटतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली हाच दावा तपासला होता. निरोगी प्रौढांना दोन आठवडे रोज चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिले आणि त्यांची एकाग्रता मोजली. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली. दोन आठवड्यांनी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली. यातली सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे त्यांना स्वतःला ते फारसे जाणवत नव्हते. काही दिवसांनी झोप कमी असल्याची जाणीवच बोथट होते, चुका मात्र वाढत जातात.

नीटच्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकले तर एक गुण कापला जातो. अर्धवट झोपेत मेंदू अधूनमधून काही सेकंद डुलकी घेतो. डोळे उघडे असतात, पण प्रश्नातला "नाही" हा शब्द दिसत नाही. ज्याला घरी "सिली मिस्टेक" म्हणून रागावले जाते, ती कित्येकदा झोपेची थकबाकी असते. ही परीक्षा दुपारी दोन वाजता सुरू होते, हेही लक्षात ठेवावे. महिनोन्महिने रात्री तीनपर्यंत जागून दुपारी झोपणाऱ्या मुलाचा मेंदू ऐन परीक्षेच्या वेळी झोप मागत असतो. परीक्षेआधी किमान महिनाभर झोपेची घडी दिवसाशी जुळवून घेणे हाही तयारीचाच भाग आहे.

जागरणाचा जोडीदार म्हणजे चहा. जागेपणी मेंदूत अॅडिनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि झोपेची ओढ वाढते. चहा-कॉफीतले कॅफिन या रसायनाला मेंदूत काम करू देत नाही, पण त्याचा साठा तसाच राहतो. शरीरातले कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या कडक चहातले निम्मे कॅफिन तीन वाजताही अंगात असते. संध्याकाळी पाचनंतर चहा टाळला तर अनेकांची झोपेची तक्रार गोळीशिवाय कमी होते. दुपारी थकवा वाटलाच तर वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी चहापेक्षा चांगली. ती तासाच्या पुढे गेली तर मात्र रात्रीची झोप मोडते.

लातूर पॅटर्नमधले खरे मर्म

बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुले झळकू लागली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने "लातूर पॅटर्न"ची चौकशी केली. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले डॉ. जनार्दन वाघमारे यांचे नाव या पॅटर्नशी जोडले जाते. बाहेरच्या लोकांना त्यात मुख्यतः कष्ट आणि तास दिसले. पण त्या पद्धतीचा कणा होता सततच्या सराव चाचण्यांचा. शिकवले, परीक्षा घेतली, तपासून चुका दाखवल्या आणि पुन्हा परीक्षा घेतली.

स्मरणशक्तीच्या शास्त्राने या गोष्टीला भक्कम आधार दिला आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरले जाते, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. अधूनमधून उजळणी केली तर विसरणे कमी होते. एकाच दिवशी दहा वेळा वाचण्यापेक्षा चार-पाच दिवसांत विभागून वाचलेले जास्त टिकते.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा अभ्यासाला दिला. एका गटाने तो पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून नंतर तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत अशी की पुन्हा पुन्हा वाचल्याने "आपल्याला येते" असा भास होतो आणि मन सुखावते. आठवून लिहिताना अडखळायला होते, कंटाळा येतो, पण त्या अडखळण्यातच स्मरण पक्के होते.

याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. एक घटक वाचून झाला की पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहावे. राहिलेले पुस्तकात पाहावे. तीच उजळणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने करावी. चाकूर-लातूर बसमध्ये हलणाऱ्या पुस्तकावर डोळे ताणण्यापेक्षा डोळे मिटून काल काय शिकलो ते मनात आठवावे. प्रवासाचा वेळ सत्कारणी लागतो आणि डोळ्यांनाही आराम मिळतो. शिवाय चाचणीत कमी गुण पडले तर ती चाचणी कामाला आली असे समजावे, कारण कुठे कच्चे आहोत ते परीक्षेआधी कळले. चाचणीच्या गुणांची यादी घरच्या ग्रुपवर टाकून मुलाला खजील केले की तीच चाचणी भीतीचे कारण बनते.

लक्ष एक, वाटेकरी अनेक

माणसाचा मेंदू एका वेळी विचाराची दोन कामे करत नाही. तो एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि प्रत्येक उडीला किंमत असते. गणित सोडवताना मध्येच मोबाईल पाहिला तर फोन खाली ठेवल्यावरही मनाचा एक कोपरा त्या निरोपातच रेंगाळतो. पुन्हा गणितात पूर्ण शिरायला वेळ लागतो. तासाभरात दहा वेळा फोन पाहणाऱ्याचा तो तास तुकड्या-तुकड्यांचा होतो. त्यातला सलग विचार करण्याजोगा तुकडा फारच लहान असतो.

मोबाईल हातून सुटत नाही यात मुलांचा दोष कमी आणि रचनेचा जास्त आहे. पुढचा व्हिडिओ कसा निघेल हे आधी माहीत नसते. अशा अनिश्चित बक्षिसाची मेंदूला फार ओढ असते. म्हणून निर्धारावर विसंबण्याऐवजी अंतरावर विसंबावे. अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. भाड्याच्या एका खोलीत तिघे राहत असतील तर तिघांचेही फोन पेटीत घालून कुलूप लावावे आणि ठरल्या वेळी उघडावे. व्हिडिओवरचा धडा पाहायचा असेल तर तो आधी उतरवून घेऊन इंटरनेट बंद करून पाहावा.

सलग किती वेळ बसायचे? याला एकच उत्तर नाही. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी विद्यार्थिदशेत टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावर वेळ लावून २५ मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती अशी पद्धत बसवली. ती जगभर लोकप्रिय झाली. २५ हा आकडा काही मंत्र नाही. कोणाला ४०-५० मिनिटे जमतात. महत्त्वाचे एवढेच की कामाच्या वेळात दुसरे काही नाही आणि विश्रांतीच्या वेळात खरोखर विश्रांती. विश्रांती म्हणजे उठून पाणी पिणे, गच्चीवर चार फेऱ्या मारणे, खिडकीतून लांबवर पाहणे. त्या पाच मिनिटांत रील पाहिली तर डोळे आणि लक्ष या दोघांचीही सुट्टी रद्द होते.

एकाग्रता नाही की रक्त नाही?

"अभ्यासात लक्ष लागत नाही" ही तक्रार घेऊन आलेल्या मुलीचा आधी हिमोग्लोबिन पाहावा, असे सरकारी दवाखान्यातला कोणताही अनुभवी डॉक्टर सांगेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असले की मेंदूला आणि स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो. धाप, थकवा, चिडचिड, डोके दुखणे आणि लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे. त्यांना आळस म्हणून मोकळे होणे सोपे असते. तपासणी आणि लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

लोहाची गोळी किंवा जेवण यांच्याबरोबर चहा घेऊ नये, त्याने लोह कमी शोषले जाते. लिंबू, आवळा, पेरू घेतल्यास ते चांगले शोषले जाते. दूध-मांसाहार कमी असणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, काहींमध्ये थायरॉइडचा त्रास, तर अनेकांमध्ये चष्म्याचा नंबर ही साधी कारणे निघतात. फळ्यावरचे दिसत नसलेला मुलगा मागच्या बाकावर गप्पा मारू लागतो, ही काही नवी गोष्ट नाही. महागड्या "स्मरणशक्ती" टॉनिकांनी निरोगी मुलाचे गुण वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही. तेवढ्या पैशांत महिनाभर अंडी, दूध, शेंगदाणे आणि फळे येतात.

मेसच्या जेवणात बटाटा आणि भात भरपूर, डाळ पातळ अशी तक्रार नेहमीची. लातूर हा तुरीचा आणि सोयाबीनचा जिल्हा. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, पालेभाजी, मोड आलेली मटकी, दही आणि शेंगदाण्याची चटणी हे आपल्याकडचे जेवण मेंदूच्या कामाला उत्तम आहे. सकाळी उपाशीपोटी क्लासला जाऊन अकराला वडापाव खाण्यापेक्षा रात्री आणून ठेवलेले केळे आणि मूठभर शेंगदाणे-गूळ पहाटे खाल्लेले बरे. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी पडले तरी डोके जड होते आणि लक्ष ढळते. पाण्याची बाटली सॅकमध्ये असणे पुस्तकाइतकेच गरजेचे.

मैदान सोडू नका

अकरावीला प्रवेश घेतला की क्रिकेटची बॅट माळ्यावर जाते. त्याच वेळी गावातली पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुले रस्त्याने पळताना दिसतात. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्रच आहे, त्यामुळे कवायतीचे महत्त्व इथे कोणाला सांगावे लागत नाही. भरतीच्या मुलांना एक गोष्ट ठाऊक असते. स्नायू पळताना थकतात आणि विश्रांतीत बळकट होतात. रोज न थांबता पळणाऱ्याच्या नडगीत कळा येऊ लागतात. हाच नियम मेंदूच्या मेहनतीलाही लावायला हवा.

५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे घाम येईल अशी हालचाल आणि प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. व्यायामाने मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो, ताण उतरतो आणि झोप गाढ लागते. उजेडात मोकळ्यावर खेळल्याने मुलांमध्ये लांबचे न दिसण्याचा दोष उद्भवण्याचे प्रमाणही कमी होते. वेळच नसेल तर क्लासला चालत जाणे, सायकल वापरणे आणि जिने चढणे यांपासून सुरुवात करता येते.

डबा करणाऱ्या आईचे काय?

कामात लक्ष आणि जगण्यात तोल हा प्रश्न परीक्षार्थींपुरता नाही. लेकराच्या डब्यासाठी पहाटे चारला उठणारी आई रात्री सगळे आटोपून अकराला पाठ टेकते. म्हणजे पाच तास झोप, तीही वर्षानुवर्षे. दिवसा तिला विसरायला होते, चिडचिड होते, डोके दुखते. घरातले म्हणतात, "हिचं आजकाल लक्षच नसतं." सकाळचा स्वयंपाक सोडून बाकी एखादे काम घरातल्या दुसऱ्याने उचलले, तर तिच्या झोपेत तासाभराची भर पडू शकते. हा उपाय कोणत्याही औषध दुकानात मिळत नाही, पण घरात मिळू शकतो.

दुकानदार, शिक्षक, एसटीचे चालक, बँकेतले कर्मचारी, आशा कार्यकर्त्या अशा अनेकांचे काम आता मोबाईलमुळे घरापर्यंत आले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये जगभरातील माहितीचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त आढळला. सगळ्यांनाच तास कमी करणे परवडत नाही, हे खरे. पण जेवताना फोन बाजूला ठेवणे, आठवड्यातली एक संध्याकाळ कामाविना घालवणे, रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तपासणे आणि झोपेची वेळ ठरवणे हे बहुतेकांना जमण्यासारखे आहे. सकाळी सर्वांत अवघड काम आधी उरकावे आणि फोनवरच्या निरोपांना दिवसातल्या दोन-तीन ठरावीक वेळा द्याव्यात. एवढ्यानेही दिवस मोकळा वाटू लागतो.

ताण कुठे संपतो, आजार कुठे सुरू होतो

परीक्षेचा थोडा ताण उपयोगाचा असतो, तो माणसाला कामाला लावतो. पण काही खुणा दिसल्या तर तो ताण म्हणून सोडून देऊ नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, आवडत्या गोष्टीतही रस न वाटणे, झोप किंवा भूक एकदम बदलणे, वारंवार पोट किंवा डोके दुखणे, मित्रांशी आणि घरच्यांशी बोलणे तोडणे, "माझा काही उपयोग नाही", "मी तुमच्यावर ओझं झालोय" अशी भाषा येणे या त्या खुणा. लहानपणापासूनच घरी आणि शाळेत दोन्हीकडे लक्ष टिकत नसेल, तर त्याचीही मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. त्याला उपचार आहेत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. अशा घटनेमागे एकच कारण क्वचितच असते आणि वेळेवर मदत मिळाली तर बहुतेक जण त्या काळोखातून बाहेर येतात. जगण्याबद्दलचे असे विचार मनात येतात का, हे सरळ विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आले तर त्या मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मानसोपचार उपलब्ध आहेत. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आधीच साठवून द्यावा, जसा आपण रुग्णवाहिकेचा ठेवतो.

आणखी एक गोष्ट घराघरात आधीच बोलून ठेवायला हवी. एमबीबीएसच्या सरकारी जागा मोजक्या आहेत आणि इच्छुक लाखोंनी आहेत. म्हणजे मन लावून अभ्यास करूनही अनेकांना ती जागा मिळणार नाही, हे गणितच सांगते. परिचर्या, औषधनिर्माण, कृषी, पशुवैद्यक, शिक्षण, प्रयोगशाळा तंत्रज्ञान अशा वाटांविषयी निकालानंतर रडवेल्या चेहऱ्याने बोलण्यापेक्षा अकरावीच्या सुरुवातीलाच चहा घेत बोलावे. दुसरी वाट आहे हे ठाऊक असलेला मुलगा पहिल्या वाटेवर कमी घाबरून चालतो आणि भीती कमी झाली की लक्षही जास्त लागते.

संध्याकाळी लातूरहून फोन आला की "किती तास झाले?" याऐवजी विचारायचे प्रश्न साधे आहेत. काल किती वाजता झोपलास? दुपारी काय जेवलास? आज नवीन काय समजलं, सांग बरं जरा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना त्याची उजळणी आपोआप होते. पहिल्या दोन प्रश्नांमुळे त्याला कळते की घरच्यांना निकालाइतकीच त्याचीही काळजी आहे.